‘परिपक्व’ लिहिण्याआधी: पिकलं कोण, आणि कुणाच्या मते?

पेट झाली, मार्गदर्शक मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायला घ्यायचाय. विषय शिक्षणशास्त्राचा असो, मानसशास्त्राचा, राज्यशास्त्राचा किंवा साहित्याचा, तुमच्या पहिल्या मसुद्यात एक शब्द हमखास डोकावणार: परिपक्व. ‘किशोरवयीन विद्यार्थ्यांची भावनिक परिपक्वता’, ‘परिपक्व लोकशाहीच्या दिशेने’, ‘कवीच्या उत्तरकाळातील परिपक्व जाणीव’. इंग्रजी पुस्तकात मॅच्युरिटी दिसली की मराठीत परिपक्वता ठेवून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची न लिहिलेली रीत आहे.

आजची पोस्ट या एका शब्दावरची टीका आहे. शब्द वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तो एकटाच फार जणांचं काम करतोय, ही तक्रार आहे. इंग्रजी मॅच्युरिटीत निदान चार-पाच वेगवेगळे निवाडे गुंडाळलेले असतात. मराठीने ते केव्हाच वेगळे करून ठेवलेत आणि आपण संशोधक मंडळी ते पुन्हा एका गाठोड्यात बांधतो. यात नुकसान फक्त भाषेचं होत नाही. ‘अपरिपक्व’ हा शिक्का ज्याच्या कपाळी बसतो, त्याच्याकडून काही ना काही काढून घेतलं जातं. कधी मत, कधी हक्क, कधी एखादं प्रमाणपत्र. म्हणून जरा मुळापासून बघू.

राइप आणि मॅच्युअर: कापणी आणि पहाट

इंग्रजीत पिकण्यासाठी दोन मुख्य शब्द आहेत. राइप हा घरचा, मॅच्युअर हा लॅटिनमधून आलेला पाहुणा.

राइप जुन्या इंग्रजीपासून आहे. जर्मन आणि डच भाषांत त्याची सख्खी भावंडं आहेत. त्याच्याच घरातला मानला जाणारा दुसरा शब्द म्हणजे रीप, अर्थात कापणी करणं. राइप म्हणजे कापणीला आलेलं. आता आपल्याकडे वळा. आंबा ‘पिकतो’ आणि शेतात उभं असतं ते ‘पीक’. मुळं वेगळी, पण विचार तोच. दोन्ही भाषांनी पिकणं आणि कापणं शेजारीशेजारी ठेवलंय. यातली गोम लक्षात घ्या. कणीस स्वतःला पिकलेलं म्हणत नाही. ते विळा हातात घेतलेला माणूस म्हणतो. पिकलेपणाच्या निवाड्यात निवाडा करणारा कायम हजर असतो, फक्त वाक्यात दिसत नाही.

मॅच्युअरची गोष्ट वेगळी. लॅटिन मातुरुस म्हणजे पिकलेलं, पण त्याचबरोबर वेळेवरचं, लवकरचंही. त्यावरून झालेल्या क्रियापदाचे अर्थ दोन: पिकवणं आणि त्वरा करणं. रोमन लोकांची पहाटेची देवी मातूता याच गोतावळ्यातली. तिच्यावरून सकाळसाठीचा लॅटिन शब्द, त्यावरून फ्रेंच, आणि फ्रेंचमधून आपल्या थिएटरांवर लागणारा मॅटिनी शो. म्हणजे मॅटिनी आणि मॅच्युअर हे दूरचे नातेवाईक. राइपच्या मागे कापणारा उभा आहे, तर मॅच्युअरच्या मागे घड्याळ. ‘योग्य वेळ झाली’ हा त्याचा गाभा. बँकेत हा अर्थ अजून जिवंत आहे, तिथे ठेव मॅच्युअर होते. काउंटरवर कुणी ‘माझी एफडी परिपक्व झाली’ म्हणत नाही, ‘मुदत भरली’ म्हणतात. सामान्य माणूस इथे संशोधकापेक्षा नेमका बोलतो.

तिसरी एक जोडी जाता जाता. अ‍ॅडोलेसन्ट आणि अ‍ॅडल्ट हे एकाच लॅटिन क्रियापदाचे दोन धातुसाधित शब्द आहेत: पहिला ‘वाढत असलेला’, दुसरा ‘वाढून झालेला’. व्याकरणातला अपूर्ण आणि पूर्ण काळ माणसाच्या वयाला चिकटवलाय. किशोर अपूर्ण, प्रौढ पूर्ण. ‘अ‍ॅडल्ट’ लिहिताना वाढ संपली असं तुम्ही नकळत गृहीत धरता. तुमच्या विदेला ते मान्य आहे का, हे तपासायला हवं.

एकाच चुलीवरचे शब्द

आता ‘परिपक्व’ कडे. संस्कृतात ‘पच्’ म्हणजे शिजवणं. त्यावरून पक्व, म्हणजे शिजलेलं. पाक, पक्वान्न, पचन, परिपाक, विपाक हे सगळे त्याच चुलीवरचे. ‘पक्व’ची प्राकृतात पक्क आणि पिक्क अशी रूपं झाली. पहिल्यावरून आपला ‘पक्का’, दुसऱ्यावरून ‘पिकणं’ आणि ‘पीक’. म्हणजे पिकणं आणि पक्व हे दोन शब्द नाहीतच, एकाच शब्दाची दोन वयं आहेत.

गंमत इथे संपत नाही. हाच धातू इंडो-युरोपीय कुळातल्या बऱ्याच भाषांत आहे. लॅटिनमध्ये तो ‘कोक्वेरे’ झाला. इंग्रजीतला कुक, दोनदा भाजलेलं म्हणून बिस्किट, आणि आधीच शिजलेलं म्हणून प्रिकोशस, म्हणजे वयाआधी पिकलेलं मूल, हे सगळे तिथले. लवकर पिकणाऱ्या फळाचं लॅटिन नाव ग्रीक आणि अरबीतून फिरत इंग्रजीत अ‍ॅप्रिकॉट झालं. ग्रीकमध्ये याच धातूवरून ‘पेपोन’, पिकलेलं फळ. त्यावरून पंपकिन, आणि पचनाशी संबंधित पेप्सिन. फारसीत शिजलेलं ते ‘पुख्ता’, आणि तोच आपल्याकडे ‘पोक्त’ म्हणून रुळला. इंग्रजांनी आपला ‘पक्का’ उचलून पक्काच ठेवला आणि साहेबलोकांच्या अस्सलपणासाठी वापरला.

म्हणजे मराठीत हा एक धातू चार दारांनी आला: प्राकृतातून पिकणं, संस्कृतातून परिपक्व, फारसीतून पोक्त आणि इंग्रजीतून कुकर. मूळ एकच, पण पोक्त सल्ला, पक्का हिशेब, पिकलेला पेरू आणि परिपक्व लोकशाही यांत कुणी गफलत करत नाही. माझा मुद्दा नेमका इथून सुरू होतो.

थांबा, व्युत्पत्ती म्हणजे पुरावा नव्हे

अशी साखळी हाती लागली की नव्या संशोधकाला चेव चढतो. ‘परिपक्व म्हणजे मुळात शिजलेलं, म्हणून परिपक्वतेसाठी ताप आवश्यक’ असं वाक्य पहिल्या प्रकरणात टाकायचा मोह होतो. तो आवरा. शब्दाचं मूळ हे त्याच्या आजच्या अर्थाचं प्रमाणपत्र नसतं. मॅच्युअर एकेकाळी ‘लवकर’ होता म्हणून आजच्या मॅच्युअर माणसाला उतावळा म्हणता येत नाही.

दुसरी चूक याहून सोपी, म्हणून जास्त घातक: दिसायला सारखे शब्द जोडून टाकणं. मी राहतो ते विरार पूर्वेचं फुलपाडा. पलीकडे मनवेलपाडा. वसई-विरारमध्ये आणि पुढे पालघरभर पाडेच पाडे. हा पाडा म्हणजे वस्ती, गावाचा भाग. दुसरीकडे आंब्याला लागतो तो ‘पाड’, म्हणजे झाडावरच फळ पिकायला लागणं. फूल, पाड, पाडा हे एका ओळीत मांडून ‘फुलं पाडाला लागायची ती जागा’ अशी सुंदर कथा अर्ध्या मिनिटात रचता येते. कथा गोड आहे, पुरावा शून्य. तसंच ‘अढी’चं. कैऱ्या पेंढ्यात रचून पिकवतात ती अढी, आणि मनात धरतात तीही अढी. दोन्ही आत ठेवून जपायच्या गोष्टी, म्हणून एकच, असं म्हणणं कवीला शोभेल. संशोधकाने जुन्या ग्रंथांतले प्रयोग आणि सोबतच्या भाषांतली रूपं दाखवल्याशिवाय ते छापू नये.

मग व्युत्पत्तीचा उपयोग काय? ती उत्तर देत नाही, प्रश्न सुचवते. राइपने सुचवलेला प्रश्न: कापणारा कोण? मॅच्युअरने सुचवलेला: वेळ कुणी ठरवली? पक्वने सुचवलेला: आपोआप पिकलं, की कुणी शिजवलं? हे तीन प्रश्न खिशात ठेवा.

मराठीची बाग

आता हे प्रश्न घेऊन मराठीत फिरा. शेतकऱ्याच्या आणि स्वयंपाकघराच्या मराठीत पिकण्याच्या पायऱ्या किती बारकाईने वेगळ्या केल्यात ते दिसेल.

भात पोटरीत येतो, निसवतो, दाणा चिकात येतो, मग भरतो. ज्वारी हुरड्यात येते. कैरीत कोय धरते, मग आंबा पाडाला लागतो, उतरवून अढीत घातला की पिकतो. चिंच धड कच्ची नाही, धड पिकलेली नाही, तेव्हा ती गाभुळलेली. भेंडी, गवार, काकडी यांना पिकणं नकोच असतं. त्या कोवळ्या हव्यात, जून किंवा निबर झाल्या की कामातून गेल्या. लोणचं पिकत नाही, मुरतं. आणि मुरलेला राजकारणी पिकलेल्या फळासारखा गोड असेलच असं नाही.

फळशास्त्र सांगतं ते याच्याशी जुळतं. फळ ‘तयार होणं’ आणि ‘पिकणं’ या दोन वेगळ्या घटना आहेत. झाडावर वाढ पूर्ण होते ती पहिली. नंतर रंग, वास, मऊपणा, गोडी येते ती दुसरी. आंबा आणि केळी पहिली पायरी गाठल्यावर तोडली तरी दुसरी पायरी झाडापासून दूर गाठू शकतात. द्राक्ष आणि संत्र्याला ते जमत नाही. तोडलं त्या क्षणी जितकं गोड, तितकंच. त्यातही ‘काढणीला तयार’ हे फळाच्या उपयोगावर ठरतं. लोणच्यासाठी कैरी तयार आहे, रसासाठी नाही. फळ तेच, दिवस तोच. फक्त खाणारा बदलला की निवाडा बदलतो.

एक उलटा प्रवासही सांगतो. आंबा-केळी पिकताना त्यांचा श्वसनाचा वेग एकदम वाढतो. त्याला ‘क्लायमॅक्टेरिक’ म्हणतात. केंब्रिजच्या किड आणि वेस्ट यांनी १९२० च्या दशकात सफरचंदांवर काम करताना हा शब्द फळांना लावला. शब्द मूळचा शिडीच्या पायरीवरून आलेला, आणि त्याआधी तो माणसाच्या आयुष्यातल्या धोक्याच्या वयांसाठी वापरात होता. म्हणजे आपण फळावरून माणसाकडे शब्द नेतो, तसे शास्त्रज्ञांनी माणसावरून फळाकडे नेले. रूपकाची वाहतूक दोन्ही बाजूंनी चालू असते.

मराठीकडे आणखी एक अवजार आहे, जे इंग्रजी रायपनकडे नाही: पिकणं आणि पिकवणं हा भेद. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद. आपल्या स्टेशनाबाहेर मिळणारी बहुतेक केळी पिकलेली असण्यापेक्षा पिकवलेली असतात. हिरवी तोडून आणायची, बंद खोलीत इथिलीन वायू सोडायचा. भारतात कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे, इथिलीनला ठरावीक मर्यादेत परवानगी. ‘विद्यार्थ्यांची परिपक्वता वाढवणारा उपक्रम’ असं शीर्षक लिहिताना स्वतःला विचारा: तुम्ही पिकण्याचा अभ्यास करताय की पिकवण्याचा? आणि पिकवताय तर कशाने?

शेवटचं उदाहरण खास इकडचं. वसई-आगाशी भागातली सुकेळी. राजेळी केळी पिकली की सोलून उन्हात वाळवतात. पिकण्यापाशी गोष्ट संपली असती तर पुढची पायरी कुजण्याची होती. इथे पिकण्यानंतर एक वेगळीच, टिकाऊ अवस्था येते. ‘परिपक्व म्हणजे शेवटचा टप्पा’ हे गृहीतक आगाशीच्या एका सुकेळ्याने मोडतं. विकासाचे टप्पे मांडणारा कुठलाही सिद्धान्त वाचताना ते लक्षात असू द्या.

फळाला धाडस नसतं

हा नुसता शब्दांचा खेळ नाही हे दाखवायला राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या वाचनातला एक मजकूर घेतो. इमॅन्युएल कान्टचा १७८४ चा प्रबोधनावरचा निबंध. त्यात माणसाच्या ज्या अवस्थेतून बाहेर पडण्याला तो प्रबोधन म्हणतो, तिच्यासाठीचा जर्मन शब्द आहे उनम्युंडिगकाइट. इंग्रजी भाषांतरांत त्यासाठी बऱ्याचदा ‘इममॅच्युरिटी’ येतं, आणि तिथून मराठीत साहजिकच ‘अपरिपक्वता’.

पण जर्मन शब्दात फळ कुठेच नाही. तो कायद्यातला शब्द आहे: ज्याच्या वतीने पालक निर्णय घेतो तो. मूळ जुन्या ‘मुंट’ मध्ये, म्हणजे पालकाच्या छत्रात. तोंडासाठीच्या जर्मन ‘मुंड’शी तो सारखा दिसतो, म्हणून ‘ज्याला तोंड नाही तो’ अशी व्युत्पत्ती अनेकांना सुचते. पाड आणि पाडा सारखीच ती फसवी आहे. आणि कान्टचा मुद्दाच असा की ही अवस्था माणसाने स्वतःवर ओढवून घेतलेली असते. समजेची कमतरता हे तिचं कारण नाही, धाडसाची कमतरता हे आहे.

आता ‘अपरिपक्वता’ ठेवून तोच विचार वाचून बघा. अपरिपक्व फळाने काय करायचं? थांबायचं. उन्हाची, पावसाची, वेळेची वाट बघायची. फळाला धाडस करता येत नाही. एका शब्दाने कान्टचं आवाहन ‘वेळ आली की होईल’ मध्ये बदलून टाकलं. मराठीत कायद्याची स्वतःची जोडी आहे, सज्ञान आणि अज्ञान. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ असा शेरा दिसतो, तो अज्ञान वारसाच्या पालनकर्त्याचा. ही जोडी कान्टच्या कायदेशीर अर्थाच्या जवळ जाते, पण तिच्या पोटात ‘ज्ञान’ आहे आणि कान्टला तेच नकोय. मग ‘पालकाधीनता’ म्हणावं का? मला ते बरं वाटतं. आणि त्यातून बाहेर पडलेल्यासाठी ‘प्रगल्भ’चा विचार करा. आज आपण प्रगल्भ म्हणजे खोल, समंजस असं समजतो, पण संस्कृतात त्याचा मूळ अर्थ धीट. कान्टला अभिप्रेत असलेला धीटपणा या जुन्या अर्थात सापडतो. ‘प्रगल्भ लोकशाही’ आणि ‘परिपक्व लोकशाही’ हे तुम्ही पर्यायी म्हणून वापरत असाल, तर पहिलीत नागरिक धीट होतात आणि दुसरीत ते झाडावर लटकून राहतात, एवढा फरक आहे.

ही लटकंती इतिहासात खरोखर घडलीय. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या स्वातंत्र्यावरच्या ग्रंथात स्वातंत्र्याचं तत्त्व ज्यांच्या शक्ती परिपक्व झाल्यात अशांपुरतं ठेवलं. मुलं आणि तथाकथित मागासलेले समाज त्यातून वगळले. मिल १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, हेही शेजारी लिहून ठेवा. पुढे १९१९ च्या भारत सरकार कायद्याच्या प्रस्तावनेत जबाबदार राज्यपद्धतीकडे टप्प्याटप्प्याने जाण्याची भाषा आहे, आणि प्रत्येक टप्प्याची वेळ आणि रीत ब्रिटिश पार्लमेंट ठरवेल असं स्पष्ट म्हटलंय. पिकायचं भारतीयांनी, पिकलं की नाही हे ठरवायचं विळा धरणाऱ्याने. राइप आणि रीप.

‘शहाणी झाली’ म्हणजे काय झालं?

महाराष्ट्रात हा प्रश्न सगळ्यात तीव्रपणे उभा राहिला तो मुलींच्या शरीरावर. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या बाबतीत संमतीचं वय १० वरून १२ केलं. बेहरामजी मलबारींनी १८८४ पासून चालवलेली चळवळ, मुंबईत गाजलेला रखमाबाईंचा खटला, १८९० मध्ये बंगालात दहा-अकरा वर्षांच्या फुलमणीचा नवऱ्याच्या संभोगामुळे झालेला मृत्यू, ही सगळी त्यामागची पार्श्वभूमी. टिळकांचा विरोध सरकारने कायदा करून धर्मात हात घालण्याला होता. रा. गो. भांडारकरांनी १८९१ मध्ये शास्त्रग्रंथांच्याच आधारे विवाह आणि गर्भाधानाच्या वयावर सविस्तर टिपण लिहिलं.

त्या वादात भाग घेणारे ‘मुलगी तयार केव्हा’ याच प्रश्नावर भांडत होते, पण घड्याळं वेगळी होती. पहिल्या ऋतुदर्शनाचा आधार घेणाऱ्यांचं घड्याळ शरीराचं. कायद्याचं घड्याळ वर्षांचं. आणि रखमाबाईंनी लावून धरलेला प्रश्न या दोन्हींपलीकडचा: मला हा माणूस मान्य आहे का? लहानपणी लग्न लावून दिलेली बाई मोठेपणी नकार देऊ शकते का? तिच्या बाबतीत शरीर किंवा वर्षं मोजून उत्तर मिळणारच नव्हतं.

आपली भाषा हे तिन्ही ओळखते. ‘वयात आली’ हे शरीराचं. ‘सज्ञान’ हे कायद्याचं, १८७५ च्या कायद्याने साधारणपणे १८ पूर्ण. ‘जाणती’ हे समजेचं. आणि मग ‘शहाणी झाली’ हा शब्दप्रयोग बघा. पहिल्या पाळीला आपल्याकडे तो वापरतात. शरीरात झालेला बदल आणि नाव मात्र समजेचं. एका शब्दाने तिन्ही घड्याळं एकाच काट्यावर आणली की पुढचा निर्णय घेणं सोपं जातं, आणि तो निर्णय क्वचितच तिचा असतो. बालविवाह, किशोरवयीन आरोग्य, शाळागळती यांवर काम करणाऱ्यांनी प्रश्नावलीत ‘मुलगी परिपक्व झाल्यावर लग्न व्हावे असे वाटते का?’ असं लिहिलं, तर उत्तर देणारी आई आणि विचारणारा संशोधक वेगवेगळ्या घड्याळांत बघतील. टक्केवारी मात्र एकच निघेल.

मापपट्टीवरची परिपक्वता

शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्रवाल्यांनी हा भाग दोनदा वाचा. एम.एड. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांत यशवीर सिंह आणि महेश भार्गव यांची भावनिक परिपक्वता मापनश्रेणी सर्रास वापरतात. ४८ विधानं, पाच घटक. घटकांची नावं मराठीत मांडली तर साधारण अशी: भावनिक अस्थिरता, भावनिक प्रतिगमन, सामाजिक कुसमायोजन, व्यक्तिमत्त्वाचं विघटन आणि स्वावलंबनाचा अभाव. पाचही घटक उणिवेचे. गुण जितके जास्त, तितकी परिपक्वता कमी. म्हणजे ही पट्टी पिकणं मोजत नाही, डाग मोजते. डाग नसलेलं फळ पिकलेलं असतं का? हिरव्या कैरीवरही डाग नसतात.

याचा अर्थ पट्टी फेकून द्या असा नाही. तिच्या मर्यादेत ती काम करते. पण प्रबंधाच्या निष्कर्षात ‘ग्रामीण विद्यार्थी कमी परिपक्व आढळले’ असं लिहिण्याआधी, तुम्ही मोजलं ते नेमकं काय, हे तिच्या घटकांच्या नावाने लिहा. आणि स्वावलंबनाचा अभाव ही उणीव धरताना एकत्र कुटुंबात, थोरल्यांना विचारून निर्णय घेणाऱ्या मुलीला ती विधानं कशी वाचली जातात, हे आधी दहा जणींशी बोलून बघा.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. एडगर डॉल यांनी अमेरिकेत व्हाइनलँड इथे तयार केलेली सामाजिक परिपक्वता श्रेणी १९३५ ची. तिचं भारतीय रूपांतर नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी केलं. त्यात विचारलेल्या गोष्टी साध्या: मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, एकटं कुठवर जातं, बोलून सांगतं का, इतरांत मिसळतं का. म्हणजे रोजचं जमणं. मराठीत याला अचूक शब्द आहे: मूल ‘हाताशी आलं’. ही श्रेणी पुढे अमेरिकेत १९८४ मध्ये नव्याने बांधली गेली तेव्हा नावातली ‘परिपक्वता’ गेली आणि ‘अनुकूलनशील वर्तन’ आलं. पिकलंय की नाही या प्रश्नाऐवजी काय जमतं आणि कशासाठी मदत लागते हा प्रश्न पुढे आला. भारतात मात्र २०१८ च्या दिव्यांगत्व मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी काढायला हीच सामाजिक परिपक्वता श्रेणी सांगितली होती. त्या टक्केवारीवर प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर सवलती. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या आईला ‘तुमच्या मुलाची सामाजिक परिपक्वता कमी आहे’ असं सांगणं आणि ‘त्याला जेवायला आणि कपडे घालायला मदत लागते’ असं सांगणं, यातलं दुसरं वाक्य खरं आहे आणि उपयोगाचंही.

आता तुमच्या मसुद्यात काय करायचं

पहिलं, प्रत्येक ‘परिपक्व’ खाली पेन्सिलने रेघ मारा आणि समासात तीन उत्तरं लिहा: कोण पिकलं, कुणाच्या मते, कशासाठी. एकाचंही उत्तर आलं नाही, तर शब्द काढा.

दुसरं, बदली शब्द शोधा. वेळेचा अर्थ असेल तर मुदत भरणं, कायद्याचा असेल तर सज्ञान, समजेचा असेल तर जाणता किंवा पोक्त, अनुभवाचा असेल तर मुरलेला, कौशल्याचा असेल तर ‘जमतं’ आणि ‘मदत लागते’, धैर्याचा असेल तर प्रगल्भ. हे बसत नसेल तरच परिपक्व. मग तो शोभेलही.

तिसरं, कोशांकडे योग्य कामासाठी जा. एकोणिसाव्या शतकातला मराठी अर्थ हवा तर मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती, ती इंटरनेटवर शोधता येते. त्यापुढचा वापर आणि वाक्प्रचार हवे तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी, आणि त्यांचं म्हणणं टर्नरच्या इंडो-आर्यन तुलनात्मक कोशाशी ताडून. एकाच कोशावर व्युत्पत्ती उभी करू नका, आणि शब्द दिसायला सारखे आहेत एवढ्यावर तर अजिबात नाही.

चौथं, नकार लावून बघा. तुमच्या वाक्यात ‘अपरिपक्व’ ठेवा आणि ज्याच्याबद्दल लिहिताय त्या माणसासमोर, त्या वस्तीत, त्या वर्गात ते मोठ्याने वाचता येईल का, याचा विचार करा. येत नसेल तर अडचण फक्त सभ्यतेची नसते. बहुतेक वेळा तुम्ही मोजलेलंच नसतं असं काहीतरी त्या शब्दाने म्हणून टाकलेलं असतं.

पाचवं, पिकणं की पिकवणं हे शीर्षकातच ठरवा. उपक्रमाचा परिणाम मोजायचा असेल तर पिकवणाऱ्याचं नाव, पद्धत आणि कालावधी लिहा. परीक्षक विचारणारच आहेत.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या प्रस्तावित शीर्षकातून ‘परिपक्वता’, ‘विकास’ किंवा ‘प्रगल्भता’ यांपैकी जो शब्द असेल तो काढा, आणि तेच शीर्षक तीन वेगवेगळ्या नेमक्या शब्दांनी लिहून बघा. तीनही शीर्षकं तुम्हाला एकाच अभ्यासाची वाटली, तर विषय अजून कच्चा आहे. त्यांपैकी एकच तुमचं वाटलं, तर सिनॉप्सिस लिहायला घ्यायला हरकत नाही.